अकरा वर्षांच्या मुलाला 18 लिहिलेला गेम द्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मुलगा 11 वर्षांचा, सहावीत. वाढदिवसाला प्लेस्टेशन घ्यायचं ठरलंय आणि त्यावर त्याला जीटीए 5 (ग्रँड थेफ्ट ऑटो) हा गेम हवा आहे. खोक्यावर 18 लिहिलंय ते तुम्ही पाहिलंत. दुकानदार म्हणाला, ‘सगळेच घेतात.’ मिस्टर म्हणाले, ‘गेमच तर आहे, आपण लहानपणी मारामारीचे सिनेमे पाहिलेच की.’ शिवाय तुम्ही नाही म्हणालात तरी दर शनिवारी तो मोठ्या काकांकडे जातो आणि चुलतभावाबरोबर तोच गेम खेळतो. तेव्हा हा आकडा ठरवतं कोण, तो धुडकावणं बेकायदा आहे का, आणि नुसती आपल्या घरात बंदी घालून काय साधणार, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा गेम त्याला आत्ता देऊ नका. पण ‘खोक्यावर 18 आहे म्हणून’ एवढंच कारण त्याला सांगू नका, कारण ते कारण तुमच्या हातात फार दिवस टिकणार नाही.

मी 2005 ते 2019 नाशिकमध्ये गेमिंग कॅफे चालवला. आता कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशनसारखी टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, विकतो, दुरुस्त करतो आणि लोकांच्या घरी जाऊन बसवून देतो. त्यामुळे गेम मला माहीत आहेत, आणि आईबाप खोलीत नसताना मुलं ते कशी खेळतात हेही मी चौदा वर्षं काउंटरमागून पाहिलंय. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्यांचं काम कुठे सुरू होतं ते पुढे ओघात येईल.

आधी आकड्याबद्दल. 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक गेमवर सुनावणी झाली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये जिंकणारा खेळाडू हरलेल्याचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटतो, ते त्या वेळी फार गाजलं होतं. सरकारने कायदा आणण्याआधी आपणच काहीतरी करावं म्हणून 1994 मध्ये गेम कंपन्यांनी ईएसआरबी हे मंडळ उभं केलं. ते अक्षरं वापरतं: ई म्हणजे सगळ्यांसाठी, टी म्हणजे 13 च्या पुढे, एम म्हणजे 17 च्या पुढे. युरोपात 2003 पासून पेगी आहे, त्याचे आकडे 3, 7, 12, 16 आणि 18. जर्मनीचं वेगळं मंडळ, जपानचं वेगळं. भारताचं स्वतःचं असं मंडळ नाही, म्हणून आपल्याकडच्या डिस्कवर कधी युरोपचा आकडा असतो तर कधी अमेरिकेचं अक्षर, माल जिथून आला असेल तसं. ‘एम म्हणजे मीडियम का?’ असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. त्यांची काहीही चूक नव्हती. आपल्याला हे कधी कुणी सांगितलेलंच नाही.

आकडा ठरतो कसा, हे कळलं की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं. डिस्कवर विकल्या जाणाऱ्या गेमसाठी कंपनी ईएसआरबीला एक लांबलचक प्रश्नावली भरून देते आणि गेममधल्या सगळ्यात कडक प्रसंगांचं चित्रीकरण पाठवते. प्रशिक्षित माणसं ते पाहून दर्जा ठरवतात. अख्खा गेम ती खेळत बसत नाहीत, कारण काही गेम पन्नास-शंभर तासांचे असतात. म्हणजे कंपनीने काय दाखवलं यावर बरंच अवलंबून. 2005 मध्ये ‘जीटीए सॅन अँड्रियास’च्या आत दडवून ठेवलेला एक लैंगिक प्रसंग लोकांनी खोदून काढला, तेव्हा मंडळाला आधी दिलेला 17 चा दर्जा मागे घेऊन 18 चा द्यावा लागला होता.

मोबाइलची गोष्ट याहून पातळ आहे. प्ले स्टोअरवर गेमखाली दिसणारं ‘3+’ किंवा ‘12+’ हे 2015 पासून एका ऑनलाइन प्रश्नावलीतून येतं. गेम बनवणारा स्वतःच उत्तरं भरतो: रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, जुगारासारखं काही आहे का. उत्तरं भरून झाली की आकडा आपोआप निघतो. तक्रार आली किंवा तपासणीत सापडलं तर नंतर बदलतो. रोज इतके गेम येतात की प्रत्येक गेम माणसाने आधी पाहणं शक्यही नाही. पण आईबापांना वाटतं की कुणीतरी जाणकाराने बसून, तपासून शिक्का मारलाय, तसं तिथे झालेलं नसतं.

आणि मंडळांचंही एकमत नसतं. पबजीला अमेरिकेत 13 चा दर्जा, युरोपात 16 चा. मूल तेच, गेम तोच. म्हणून मी आकड्याला औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखा मानतो. वाचायचाच, पण आपल्या मुलाला डोस किती द्यायचा ते आपल्याला बघावं लागतं.

आता कायदा. ब्रिटनमध्ये 2012 पासून 12, 16 किंवा 18 चा गेम त्याहून लहान मुलाला विकणं हा दुकानदाराचा गुन्हा आहे. जर्मनीतही तिथल्या दर्जाला कायद्याचं पाठबळ आहे. अमेरिकेत उलट झालं. कॅलिफोर्नियाने लहान मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी आणली होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केली. गेम हेही अभिव्यक्तीचं साधन आहे, असं न्यायालय म्हणालं. तिथे मोठी दुकानं वय विचारतात ते स्वतःच्या धोरणाने.

भारतात सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे. 2024 पासून तर सिनेमाला यूए 7, यूए 13, यूए 16 असे बारीक गटही आलेत. ओटीटीवरच्या मालिकांनाही 2021 च्या नियमांनी वयाचे गट लागू झाले. गेमच्या खोक्यावरच्या 18 ला मात्र तसा आधार नाही. अश्लील साहित्य मुलांना विकणं हा वेगळा गुन्हा आहेच, पण ‘18 लिहिलेला गेम 11 वर्षांच्या मुलाला दिला’ एवढ्यावरून दुकानदारावर काही होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे: रमी, पैसे लावून बनवायच्या क्रिकेटच्या टीम. तुमच्या मुलाच्या जीटीएशी त्याचा संबंध नाही.

थोडक्यात, तुम्ही तो गेम घेतलात तर कुणी अडवणार नाही. माझ्या मते खरी अडचण तीच आहे, आणि मिस्टरांच्या मुद्द्याचं उत्तरही तिथेच आहे.

आपल्या लहानपणी गावातल्या टॉकीजच्या दारावर एक माणूस उभा असायचा. ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला मिसरूड न फुटलेली पोरं आली की तो टॉर्च तोंडावर मारून परत पाठवायचा. काही पोरं तरी आत घुसायचीच, पण घुसताना आपण काहीतरी चोरून करतोय हे त्यांना माहीत असायचं. घरी टीव्हीवर मारामारीचा सिनेमा लागला की खोलीत आजी असायची, काका असायचे. नको ते दृश्य आलं की कुणीतरी खाकरायचं, कुणी चॅनल बदलायचं, कुणी ‘हे सगळं खोटं असतं रे’ म्हणायचं. तीन तासांनी सिनेमा संपायचा. ही सगळी माणसं मिळून पहारा देत होती, आणि कुणाला ते कामासारखं वाटतही नव्हतं. आता मुलगा आतल्या खोलीत, कानाला हेडफोन, आणि गेमला शेवट नाही. दारावर कुणी नाही. तुम्ही आणि मिस्टर, दोघांपैकी एकाने तिथे उभं राहायचंय.

आता हाच गेम का नको, ते नीट सांगतो. जीटीए 5 हा 2013 चा गेम. लॉस एंजेलिससारखं दिसणारं एक शहर, तीन गुन्हेगार नायक, दरोडे. बनवणाऱ्यांचं कसब थक्क करणारं आहे, आणि मोठ्या माणसांसाठी मी त्याची शिफारस आजही करतो. पण त्याच्या कथेत एका माणसाचा छळ करण्याचा प्रसंग आहे. खुर्चीला बांधलेला माणूस, आणि हत्यार तुम्ही निवडायचं: पकडीने दात उपटायचा, विजेचा झटका द्यायचा. सिनेमात तो छळ कुणीतरी दुसरा करतो आणि आपण बघतो. इथे मुलाचा अंगठा त्या बटणावर असतो. गेममध्ये स्ट्रिप क्लब आहे, ड्रग्ज आहेत, आणि संवादांत दर दुसऱ्या वाक्याला शिवी.

म्हणून तो खुनी होईल का? नाही, आणि असं त्याला सांगूही नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये स्पष्ट केलं की हिंसक गेममुळे माणूस प्रत्यक्ष हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, इतकंच. आईबाप ‘तू गुंड होशील’ म्हणतात तेव्हा मुलाला ते खोटं आहे हे कळतं, कारण त्याचे चार मित्र खेळतात आणि गुंड झालेले नाहीत. मग तुमच्या पुढच्या खऱ्या कारणावरही त्याचा विश्वास बसत नाही.

माझं कारण वेगळं आहे, आणि ते मला एका मुलाने शिकवलं. माझ्या कॅफेत तेव्हा बारा कॉम्प्युटर होते आणि बाराही कॉम्प्युटरवर जीटीएचे जुने भाग टाकलेले होते. कोण किती वर्षांचा, हे मी विचारत नसे. दहाएक वर्षांचा एक मुलगा शाळा सुटल्यावर यायचा, वीस रुपये द्यायचा आणि तासभर फक्त गाडी चालवायचा. त्या गेममध्ये तो लाल सिग्नलला थांबायचा. खरंच थांबायचा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, तरी हा हिरवा दिवा लागेपर्यंत हलायचा नाही. एक दिवस मागे उभा असलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, ‘असं खेळतात का येड्या, सरक.’ त्याने कीबोर्ड घेतला, रस्त्यावरच्या एका बाईला गाडीत बसवलं, गाडी अंधाऱ्या गल्लीत नेली, आणि गाडी हलायला लागल्यावर सगळे हसले. मग ती उतरली तेव्हा तिला बॅटने मारून पैसे परत घेतले. मी काउंटरवर सुटे पैसे मोजत होतो, मान वर केली तेव्हा मला पडदा आणि त्या लहान मुलाचा चेहरा एकत्र दिसला. तो हसत होता, कारण सगळे हसत होते. पण त्याला काही कळलेलं नव्हतं, आणि विचारायला जवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो सिग्नलला थांबेना.

त्या आठवड्यात मी सहा कॉम्प्युटर वेगळे केले, त्यावरून ते गेम काढले आणि लहान मुलांना तिथेच बसवायला लागलो. त्या मुलाचं पुढे काही वाईट झालं नाही. मोठा झाला, चांगला शिकतोय. पण त्या दुपारी माझ्या दुकानात जे झालं त्याला मी जबाबदार होतो, हे मी विसरलेलो नाही.

तुमचा मुलगा म्हणेल, ‘आई, मी फक्त गाड्या चालवतो.’ तो खरं बोलत असेल. दहा-अकराची बरीच मुलं तशीच खेळतात. पण त्याच्या शेजारी कोण बसलंय, यावर तो पुढे काय बघेल हे ठरतं. आणि चौदा-पंधराच्या मुलाला जे बघून ‘हे बायकांशी किती घाणेरडं वागतात’ असं म्हणता येतं, त्यासाठी अकराच्या मुलाकडे अजून शब्दच नसतात.

इथे परिस्थितीप्रमाणे काय बदलेल, तेही सांगायला हवं. मुलगा पंधराचा असता, तुम्ही मोकळेपणी बोलणारं घर असतं आणि कन्सोल हॉलमध्ये असता, तर खोक्यावर 18 असूनही मी कदाचित ‘वडिलांनी सोबत बसून खेळू दे’ म्हणालो असतो. उलट 12 लिहिलेला गेमही मी काही तेरा वर्षांच्या मुलांना नको म्हणालोय, कारण ती रात्री दचकून उठायची. मूल हळवं आहे की धीट, हरल्यावर कंट्रोलर आपटतं की परत प्रयत्न करतं, घरी दुपारी कोण असतं, मोठं भावंड आहे का, हे मला इथून दिसत नाही. तुम्हाला दिसतं. आकडा बनवणाऱ्यालाही ते दिसत नव्हतं.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळतो, कारण गेली काही वर्षं माझ्याकडे रडत येणारे आईबाप जीटीएमुळे आलेले नाहीत. ते आले 3 आणि 12 लिहिलेल्या गेममुळे. वयाचा आकडा रक्त, शिव्या, नग्नता याबद्दल सांगतो. पैसे, परके लोक आणि वेळ या तीन गोष्टींबद्दल तो जवळजवळ गप्प असतो.

पैशांचं बघा. फुटबॉलचा ईए स्पोर्ट्स एफसी, पूर्वीचा फिफा. युरोपात त्याला 3 चा दर्जा मिळत आला, कारण मैदानावर बॉल लाथाडण्यात वाईट ते काय? पण त्यात खेळाडूंची बंद पाकिटं विकत घ्यायची असतात, आणि आत मेस्सी निघेल की कुणी अनोळखी, ते नशिबावर. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 पासून कंपनीला तिथे त्यांची पैशांत विक्री थांबवावी लागली. जर्मनीच्या मंडळाने नंतर आपले निकष बदलून त्याच फुटबॉलच्या गेमला 12 चा दर्जा दिला. ईएसआरबीने 2018 पासून ‘गेममध्ये खरेदी आहे’ आणि 2020 पासून ‘त्यात नशिबावर मिळणाऱ्या वस्तू आहेत’ अशी वेगळी सूचना छापायला सुरुवात केली, पण ती बारीक अक्षरात आकड्याच्या खाली असते.

गेल्या वर्षी एक बाई बँकेचं पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा सातवीत. मोबाइलवरचा एक नावाजलेला फुकट गेम. पासबुकात त्यांनी पेन्सिलने गोल केले होते: 80 रुपये, 80 रुपये, 240, परत 80. दोन महिन्यांत अकरा हजारांच्या वर. बंदुकीचा रंग आणि कपडे घेण्यात गेले. ‘पिन त्याला कुणी सांगितला नाही हो,’ त्या म्हणत होत्या. सांगावा लागत नाही. भाजीवाल्याला पैसे देताना मूल शेजारी उभं असतं आणि चार आकडे लक्षात ठेवायला त्याला एक दिवस पुरतो.

परक्या लोकांचं त्याहून अवघड आहे. अमेरिकन खोक्यावर एक ओळ असते: ऑनलाइन होणाऱ्या संभाषणाला हा दर्जा लागू नाही. म्हणजे चार जणांच्या टीममधला माइक चालू केलेला तिसरा माणूस काय बोलेल याची हमी कुणीही देत नाही. कन्सोल बसवायला एका घरी गेलो होतो, तिथली दहा वर्षांची मुलगी टॅबवर खेळत होती, कानात इअरफोन. मी तिच्या आईला म्हटलं, इअरफोन काढून आवाज मोठा करा. पलीकडे वयाने मोठा बाप्या माणूस होता. शिव्या देत नव्हता, गोड बोलत होता. ‘तू कुठल्या शाळेत आहेस? तुला गिफ्ट पाठवतो, आधी फोटो पाठव.’ आई तिथेच खाली बसली. गेम 7 चा होता. शिव्या ऐकू आल्या तर निदान कळतं तरी, गोड बोलणं बाहेरून ऐकू येत नाही. म्हणून इअरफोनबद्दल मी एवढा आग्रही असतो.

वेळेच्या बाबतीत सरकारांनी पहारा देऊन पाहिलाय. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये 16 च्या आतल्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी 6 पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुलं आईबापांच्या नावाने शिरायला लागली, आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला गेला. चीनने 2021 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढाच वेळ ठेवलाय. आपल्याकडे बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतीय आवृत्तीत, 18 च्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण जन्मसाल मूल स्वतःच टाकतं, आणि माझ्या कॅफेतली सगळी पोरं 1990 साली जन्मलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलंय, पण त्यासाठी साधारण वर्षभर मुलाचं जेवण, झोप, शाळा, माणसं, सगळं त्यापुढे मागे पडलेलं असावं लागतं. सुट्टीत चार तास खेळला म्हणजे तो आजार नव्हे. खरंच तसं दिसत असेल तर माझ्यासारख्याला न विचारता डॉक्टरांकडे जा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून यासाठी खास क्लिनिक आहे, आणि 14416 या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनवर फोन करता येतो.

मग कुठलाही गेम ठरवताना काय करायचं? मी सगळ्यांना एकच सांगतो. कुणीतरी तो खेळतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात, त्यातली वीस मिनिटं दोघांनी बसून बघा. जाहिरात नको, खेळतानाचंच बघा. मिस्टरांनाही दाखवा, जीटीए 5 चेच दाखवा. मी काही सांगण्यापेक्षा ती वीस मिनिटं जास्त काम करतील. माझ्या दुकानात ‘गेमच तर आहे’ म्हणणारे किती तरी वडील असं बघितल्यावर स्वतःहून डिस्क परत ठेवून गेलेत. त्यानंतर जो गेम घ्याल, तो पहिल्या दिवशी तासभर मुलाच्या शेजारी बसून बघा. त्याला शिकवू द्या तुम्हाला. मुलांना ते फार आवडतं, आणि त्या तासात पैसे कुठे मागतात, बोलणारे लोक कोण आहेत, ‘थांब’ म्हटल्यावर त्याला थांबता येतं का, हे सगळं समोर येतं.

कन्सोल आला की डिस्क घालण्याआधी एवढं करा. मुख्य खातं तुमचं किंवा मिस्टरांचं. त्याच्यासाठी त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं लहान मुलाचं खातं काढा. त्या खात्यात गेमचं वय, अनोळखी लोकांशी बोलणं, महिन्याचा खर्च आणि रोजचा वेळ असं चारही वेगवेगळं ठरवता येतं. खर्च शून्य ठेवा. मग एक गोष्ट, जी बहुतेक घरांत राहून जाते: नवीन खातं किंवा पाहुण्याचं खातं उघडणं पासकोड लावून बंद करा. नाहीतर तो दोन मिनिटांत ‘पाहुणा’ होऊन आत जाईल. कन्सोल हॉलमध्ये ठेवा. मोबाइलवर प्ले स्टोअरच्या पालक नियंत्रणात पिन लावा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करा, आणि ज्या फोनवर तो खेळतो त्यावर कार्ड किंवा यूपीआय ठेवूच नका. प्ले स्टोअरचा पिन लावल्याने आधीच टाकलेले गेम जात नाहीत, ते हाताने बघून काढावे लागतात.

वाढदिवसाला नुसतं ‘नाही’ घेऊन जाऊ नका. गाड्यांचाच शौक असेल तर ग्रान टुरिस्मो 7 आहे, शर्यतींचा, गाड्या अगदी खऱ्यासारख्या. मोकळ्या शहरात उंडारण्यात मजा वाटत असेल तर लेगो सिटी अंडरकव्हर आहे. तिथेही शहर आहे, पाठलाग आहेत, कुणाचीही गाडी थांबवून घेता येते, पण नायक पोलीस आहे आणि सगळं ठोकळ्यांचं. डोकं चालवायला माइनक्राफ्टसारखा गेम नाही. तिन्हींपैकी एक त्याला निवडू द्या.

राहिला शनिवारचा प्रश्न. तिथे बंदी चालणार नाही, आणि त्याला काकांकडे पाठवणं बंद करू नका. चुलतभाऊ ही मोठी गोष्ट आहे. जाऊबाईंना फोन करा. ‘तुमच्याकडे वाईट गेम आहेत’ असं म्हणालात तर फोन तिथेच संपेल. एवढंच म्हणा: ‘वहिनी, आमचा अजून लहान आहे, रात्री घाबरतो. तो आला की दोघांना फुटबॉल नाहीतर गाड्यांचा गेम लावून द्याल का? जीटीए तो गेल्यावर खेळू दे.’ आणि मोठ्या पुतण्याशीही बोला, त्याला मोठ्यासारखं वागवून. ‘तू दादा आहेस, तुझ्यावर सोपवते’ हे मी दुकानात कितीदा वापरलंय, आणि चौदा-पंधराची पोरं ते आश्चर्य वाटावं इतकं पाळतात. मुलालाही सांगून ठेवा की तरीही काही बघितलं आणि विचित्र वाटलं तर येऊन सांग, मी रागावणार नाही. आणि तो सांगेल त्या दिवशी खरंच रागावू नका.

पुतण्याचं वय किती आहे ते लिहा, मग त्या दोघांनी मिळून खेळायला अजून काय चालेल ते सुचवतो.